प्रगतिपुस्तकातील शेरा : खरा असावा की गोड?

आपल्यापैकी कितीतरी जण शिक्षक आहेत आणि त्याहून अधिक जण पालक. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे.

भिलाईचे उदाहरण घ्या. १९५९ मध्ये येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मुलांनी शिकून पुढे जावे, ही अशा घरांची मोठी आस. सत्र संपून प्रगतिपुस्तक घरी आले की गुणांखालची एक ओळ सारे घर वाचते. पाळीवरून परतलेले वडील वाचतात, आई वाचते, आजी दुसऱ्याकडून वाचून घेते. मूल दाराआडून ऐकत असते.

ती ओळ कशी असावी?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचा विचार आहे. तेथे सत्य, प्रिय आणि हितकर हे तिन्ही गुण एकत्र अपेक्षिले आहेत. आपण मात्र सोयीने एखादाच निवडतो.

‘हा आळशी आहे’ असे लिहिताना शिक्षकाला वाटते, आपण स्पष्ट सत्य सांगितले. पण त्याने प्रत्यक्ष पाहिले काय? गृहपाठ चार वेळा अपुरा होता, एवढेच. आळस हा त्याचा निष्कर्ष. कदाचित त्या मुलाला घरी अभ्यासाला जागा नसेल, कदाचित धडाच समजला नसेल. भिलाईत तयार झालेला रेल्वेचा रूळ तपासून त्यावर शिक्का मारता येतो, कारण तो घडून पूर्ण झालेला असतो. मूल अजून घडते आहे.

दुसरी चूक गोडव्याची. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे त्यांचे रकाने. प्रत्येक मुलाकडे वेगळे पाहावे, हा हेतू उत्तम. पण अशा नोंदींच्या तयार याद्याही मिळू लागल्या आणि एकच वाक्य अनेक नावांपुढे उतरू लागले. वर्ग मोठा, वेळ अपुरा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तरीही ‘प्रगती समाधानकारक’ या शब्दांवर विसंबून राहिलेल्या पालकांचे वर्ष हातचे जाते. मुलाला वाचता येत नव्हते, हे त्यांना फार उशिरा कळते.

मग लिहावे कसे? जे पाहिले तेच लिहावे आणि पुढची वाट दाखवावी. उदाहरणार्थ : ‘तोंडी हिशेब झटपट करतो. लेखी गणितात मधली पायरी सुटते. रोज दोन गणिते त्याला मोठ्याने बोलत सोडवू द्या.’ यात दोष लपवलेला नाही आणि मुलाला कोठे हिणवलेलेही नाही. आजीलाही हे समजेल. सांगण्यासारखी गोष्ट फार गंभीर असेल, तर ती आधी पालकांना भेटून सांगावी. कागदावरून अचानक आघात होऊ नये.

असे लिहायचे तर त्या मुलाकडे वर्षभर लक्ष द्यावे लागते. खरे तप तेथेच आहे. एखाद्या नावापुढे लिहायला काहीच सुचत नसेल, तर उणीव त्या मुलात शोधू नये. आपण त्याच्याकडे पुरेसे पाहिले का, हे स्वतःला विचारावे.

पालकांनो, आपलीही जबाबदारी आहे. शेरा हाती आला की शेजारच्या मुलाशी तुलना नको. मुलाला जवळ बसवून विचारा, ‘तुला काय वाटते? हे बरोबर आहे का?’ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन करण्याला स्थान आहे. मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय ते पत्रक अपुरेच राहते.

या सत्रात एक संकल्प करूया. शेरा लिहिण्यापूर्वी किंवा वाचण्यापूर्वी क्षणभर शांत बसून त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणूया. त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येईल, असेच वाक्य लिहूया.