टपाल आणि तांबडा दिवा

पोस्टमनला तांबडा दिवा लागू असावा की नसावा, या प्रश्नावर आमच्या बाकावर गेले आठ दिवस रणकंदन चाललं आहे. हा बाक कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आहे. तिथं धावणारे धावतात, आम्ही बसतो. बाकावर एक निवृत्त वकील, एक निवृत्त मामलेदार आणि नेमकं कशातून निवृत्त व्हावं हे अजून न ठरलेला मी. विषय कुणी काढला हे आता कुणालाच आठवत नाही, आणि भांडण रंगलेलं असताना असल्या चौकश्या करायच्या नसतात.

मामलेदारसाहेबांचं म्हणणं सरळ आहे. "अहो, तो काय स्वतःच्या मावशीकडे चाललाय का? सरकारी कामावर आहे. सरकारच्या माणसाला सरकारनंच चौकात अडवायचं म्हणजे उजव्या हातानं डाव्या हाताला बेडी घालायची!"

वकीलसाहेब यावर फक्त "हं" म्हणतात. वकिलाच्या "हं"मध्ये किमान तीन तारखा दडलेल्या असतात.

आता आम्ही नाशिककर या बाबतीत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोस्टाची तिकिटं छापणारा कारखाना आमच्या नाशिकरोडचा. 1926 पासून तिथं तिकिटं छापली जाताहेत. त्याआधी ती विलायतेहून यायची. त्यामुळे देशात कुठंही कुणी पाकिटाला तिकीट चिकटवलं की आम्हाला उगाच घरचं कार्य निघाल्यासारखं वाटतं. तेव्हा पोस्टमनला रविवार कारंजावर हवालदारानं शिट्टी मारली, तर आमचं पहिलं मत "जाऊ द्या ना हो त्याला" असंच पडणार.

शिवाय त्याची बाजू लंगडी नाही. वाहतुकीचे नियम केले ते वाहनांच्या सोयीनं, आणि पोस्टमन चालतो दारांच्या सोयीनं. आमच्या जुन्या नाशकात, दहीपूल, तिवंधा, सराफ बाजार या भागात, दारं एका बाजूनं येतात आणि एकेरी रस्त्याचा बाण बरोबर उलट दिशेला तोंड करून उभा असतो. पुढच्या घराचं पत्र हातात आहे, घर वीस पावलांवर आहे, घरातली माणसं ओट्यावरून बघताहेत, आणि कायदा म्हणतो, मेन रोडनं वळसा घालून या. मेन रोडनं वळसा घालणं म्हणजे काय, हे दिवाळीच्या आठवड्यात ज्यानं घातलाय त्यानंच सांगावं. सिंहस्थाचं तर बोलायलाच नको. 2003 साली काय आणि 2015 साली काय, पर्वणीच्या दिवशी नाशिककरालाही आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखं विचारत विचारत शिरावं लागलं होतं.

बरं, उशीर केला तरी पंचाईत. 1898 च्या पोस्टाच्या कायद्यात एक मजेदार कलम होतं. टपाल नेणारा माणूस दारू प्यायलेला असला तर पन्नास रुपयांपर्यंत दंड, आणि तो वाटेत रेंगाळला तरीही पन्नास रुपयांपर्यंतच दंड! झिंगणं आणि रेंगाळणं एकाच तागडीत. हा कायदा थोडाथोडका नव्हे, 2024 च्या जूनपर्यंत जिवंत होता. मग 2023 चा नवा कायदा अमलात आला आणि त्यात हे कलम ठेवलं नाही. नव्या कायद्यात पोस्टाचे पैसे बुडवणाऱ्याकडून ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायची तरतूद मात्र आहे. हे ऐकून मामलेदारसाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज पसरलं ते मी पाहिलं आहे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

तेव्हा वकीलसाहेबांनी आपलं दप्तर उघडलं. म्हणाले, "हा खटला अमेरिकेत होऊन गेलाय. दोनशे वर्षांपूर्वी." आम्ही सावरून बसलो.

1817 साली फिलाडेल्फिया शहरात टपालाची घोडागाडी भर वस्तीतून उधळत चालली होती. तिथल्या कोतवालानं ती अडवली. झालं! टपाल अडवणं हा गुन्हा, म्हणून खटला उभा राहिला तो कोतवालावर. न्यायमूर्ती होते बुशरॉड वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचे सख्खे पुतणे. त्यांनी सांगितलं, टपाल अडवू नका असा कायदा आहे खरा, पण त्याचा अर्थ असा नव्हे की गजबजलेल्या शहरात लोकांच्या जिवावर उठलेल्या गाडीवानाला कुणी धरूच नये. पुढं 1920 साली मेरीलँडमध्ये टपालाचा मोटारट्रक हाकणाऱ्या एका माणसाला राज्याचं लायसन्स नाही म्हणून दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की केंद्राच्या टपालवाल्याकडे राज्यानं लायसन्स मागायचं नाही. मात्र जाता जाता एवढंही म्हणून ठेवलं की रस्त्याच्या कोपऱ्यावर कसं वळावं असले सर्वसाधारण नियम त्यालाही लागू असू शकतात.

"म्हणजे लायसन्स नको, पण वळताना हात दाखवा," मी म्हणालो.

"ढोबळमानानं," वकीलसाहेब म्हणाले.

मामलेदारसाहेब हरणारे नव्हते. "अमेरिकेचं राहू द्या. आपल्याकडं हरकारा होता. भाल्याला घुंगरं बांधून धावायचा. घुंगरं वाजली की लोक बाजूला व्हायचे. आणि आगगाडीचं काय? मेल येणार म्हटली की पॅसेंजरला एखाद्या स्टेशनात बाजूला घालून ठेवतात की नाही?"

ठेवतात. इगतपुरीकडून येताना आम्ही सगळ्यांनीच तसे तास काढले आहेत. काकड्या खाल्ल्या आहेत, संपल्यावर शेंगा खाल्ल्या आहेत, आणि मग ती धडधडत गेलेली मेल पाहिली आहे. पण मामलेदारसाहेबांनी हा दाखला द्यायला नको होता. कारण सिग्नल लाल असला की मेलसुद्धा स्टेशनाबाहेर मुकाट उभी राहते. तिचा मान असा, की कुणीतरी तिच्यासाठी आधी दुसऱ्याला थांबवतो आणि मग हिरवा देतो. ड्रायव्हर मनानं तो मान घेत नाही. मेल आहे म्हणून त्यानं एकदा लाल सिग्नल ओलांडून पाहावा! आणि हरकाऱ्याची घुंगरंसुद्धा आधी वाजायची, मग तो यायचा. तीच घुंगरं आता रुग्णवाहिकेच्या टपावर बसली आहेत. 1989 च्या रस्त्याच्या नियमांत बाजूला होऊन वाट द्यायला सांगितलं होतं ते बंबाला आणि रुग्णवाहिकेला. टपालाचं नाव तिथं नव्हतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या वाहनाची वाट अडवणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पोस्टमनची वाट अडवणाऱ्याला काय? फार तर पुढचं वीजबिल उशिरा मिळेल. तो दंड की बक्षीस, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मला वाटतं, खरी मेख पाकिटाच्या डिंकात आहे. रुग्णवाहिकेत काय आहे ते सगळ्या चौकाला दिसतं. टपाल बंद असतं. आत नोकरीचं बोलावणं आहे की विम्याची आठवण, हे हवालदाराला कळत नाही आणि पोस्टमनलाही कळत नाही, कळूही नये. पूर्वी दोनच पत्रं बाहेरून बोलायची. हळदकुंकवाची बोटं लावलेलं पत्र आणि कोपरा फाडलेलं कार्ड. पण हळदकुंकवाला घाई नव्हती, लग्न महिन्यावर असायचं. आणि कोपरा फाडलेल्या कार्डासाठी आमच्या गल्लीतला पोस्टमन सायकल कधी पळवत नसे. उलट त्या दिवशी तो हळू यायचा. दाराशी घंटीही वाजवायचा नाही.

त्या गल्लीत एक आत्या राहायच्या. कुणाच्या आत्या ते माहीत नाही, सगळी भद्रकाली त्यांना आत्याच म्हणायची. मुलगा मुंबईला गिरणीत. महिन्याच्या सात-आठ तारखेला मनीऑर्डर यायची आणि पाच तारखेपासून आत्या ओट्यावर बसायच्या. मनीऑर्डर एक दिवस लांबली की वाण्याच्या दुकानावरून जाताना त्या पदर जरा पुढं ओढायच्या. पोस्टमननं नियम मोडावेत, चाकं हवेत उडवावीत, असं मला वाटलं असेल तर ते त्या दोन दिवसांत. पण याच आत्या रोज सकाळी रविवार कारंजा ओलांडून गंगेवर जायच्या. एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, हातात तांब्या, आणि रस्ता ओलांडताना गाडीकडे नव्हे तर देवाकडे लक्ष. ज्यांच्यासाठी सायकल पळवायची त्याच त्या सायकलीखाली यायच्या बेतात! मनीऑर्डर वेळेवर आली, पण घेणारी दवाखान्यात, असला हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

हे सांगितल्यावर मामलेदारसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, तांबडा दिवा सोडा. पण वीस पावलं उलटं जायला काय हरकत आहे?"

यावर आमच्या त्या गल्लीतल्या पोस्टमननं पन्नास वर्षांपूर्वीच तोड काढलेली होती. एकेरी रस्त्याच्या तोंडाशी तो खाली उतरायचा आणि सायकल हातात धरून चालत यायचा. चालणाऱ्याला बाण लागू नाही. त्या काळी सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचे. पण हातात धरलेल्या सायकलीपुढं ते हतबल असायचे. वकीलसाहेबांच्या मते हे कायद्याचं पालन आहे. मामलेदारसाहेबांच्या मते ही पळवाट आहे, फक्त चालत काढलेली. माझ्या मते उत्तम तोड. पण हल्ली पोस्टमनकडे बहुतेक वेळा स्कूटर असते, आणि ती ढकलत सगळ्या दारांपुढून नेणं म्हणजे शिक्षाच.

शेवटी काल आमच्या कॉलनीत येणाऱ्या पोस्टमनलाच विचारलं. म्हटलं, "दादा, तुम्हाला सिग्नल माफ केला तर?"

"नको काका," तो म्हणाला. "सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या गल्लीची पत्रं लावून होतात."

"नव्वद सेकंदांत?"

"पाकिटं असली तर होतात. पत्रिका जाड असतात, त्यांना दुसरा तांबडा लागतो."