लुगड्याचे ऋण

उत्तनहून भाईंदर स्थानकाकडे निघालेल्या बसमध्ये आपल्याच गावची एखादी तरुण मुलगी हल्ली सहज दृष्टीस पडते. ती कलेचे शिक्षण घेत असते. हातात चित्रांची वही, पायांत कोल्हापुरी चपला आणि खांद्याला आजीच्या जुन्या, लाल चौकड्यांच्या लुगड्यातून शिवलेली पिशवी. होड्यांचे रंग, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, मिठागरांचे चौकोन हे तिच्या आवडीचे विषय. शहरातील मंडळी त्या पिशवीचे कौतुक करतात. गावातील वडीलधारे मात्र म्हणतात, ‘हा सारा दिखावा!’ आम्हांस प्रश्न पडतो, की या हौसेकडे नीतीच्या दृष्टीने कसे पाहावे?

प्रथम आपण स्वतःकडेच पाहू. ज्या लुगड्यात आजीने माशांची पाटी डोक्यावर वाहिली, ते आपल्या पिढीस शहरात लाजिरवाणे वाटू लागले. नोकरीसाठी आपण पोशाख बदलला. त्याही पूर्वी, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातील आपल्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले होते. जगाला आपण कसे दिसावे, याचा विचार तरुणांनीच प्रथम केला असे नव्हे. मग त्यांनाच दोष का द्यावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात पोशाखाच्या नीतीचा विचार केला. आपण ज्या लोकांत राहतो त्यांची रीत कोणती आणि आपले मन वस्त्रात किती गुंतले आहे, या दोन गोष्टी त्यांनी तपासण्यास सांगितल्या. भपक्यात जसा दोष असतो तसाच मिरवण्यासाठी पांघरलेल्या साधेपणातही असतो, हेही ते विसरले नाहीत. म्हणजे कापडापेक्षा ते धारण करणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा.

हेतूची पारख कशी करावी? येथे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची आठवण होते. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शांतिनिकेतनास गेला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकला. पुढे त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या मातीचा वर्ण दिला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात हे अनेकांस रुचले नाही. टीका झाली. तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि चित्रे काढीत राहिला. १९६७ मध्ये पुण्यातच त्याचे निधन झाले. साडी ही त्याची लहर असती, तर पहिल्याच टीकेसरशी ती गळून पडली असती. ज्या आवडीसाठी आपण काही सोसण्यास तयार होतो, तीच खरी आपली.

उत्तनच्या त्या मुलीला आज टीकेपेक्षा कौतुकच अधिक मिळते. तिची कसोटी म्हणूनच निराळी, कदाचित अधिक अवघड आहे. लुगडे नेसून पाटी घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईकडे पाहून नाके मुरडणारे शहर त्याच कापडाची पिशवी वाखाणते. कापडाला मान मिळाला. नेसणारीला मिळाला काय? सौंदर्य उचलावे आणि ते ज्यांच्या कष्टांतून आले त्यांस विसरावे, हा अन्याय होय, मग पिशवी कितीही देखणी असो.

मात्र हे ऋण फेडता येते. हे लुगडे कसे नेसतात, कोणत्या प्रसंगी कोणते काढतात, हे तिने आजीपाशी बसून विचारावे. कोणी वाखाणणी केली, तर आजीचे नाव सांगावे. आणि बसमध्ये लुगडे नेसलेली एखादी म्हातारी पाटी घेऊन चढलीच, तर उठून तिला जागा द्यावी. तोवर तिला दिखाऊ म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या बसमध्ये आम्हीही बसलेले असतो, आणि उठण्याचे ऋण आमच्याकडेही आहे.