गरम इंजिनाचं खोटं

जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक येण्याआधी १० मिनिटं इंजिन चालू ठेवावं, ही युक्ती अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये सर्रास सांगितली जाते. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल तळाशी उतरतं. सकाळी किल्ली फिरवली की ऑइलचा दाब चढेपर्यंत झिजलेल्या टायमिंग चेनचा टेन्शनर सैल राहतो आणि दोन-तीन सेकंद खडखड होते. इंजिन गरम असलं की ती सहसा ऐकूच येत नाही. झीज असतेच. पुढे चेन घसरली, तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जातं.

"आम्ही खोटं कुठे बोललो?" असं यावर विचारतात. शब्दाने नाहीच. पण नुसतं गप्प बसलं असतं तर निदान गाडी बोलली असती. इथे तिचंही तोंड बंद केलं. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून दाखवलं, की अशा लपवाछपवीच्या बाजारातून चांगला मालही हटतो. मला बाजारापेक्षा घेणाऱ्याची काळजी. तो बहुधा नुकताच आलेला, 'आपलाच माणूस आहे' म्हणून मेकॅनिकला न दाखवणारा.

त्याला सकाळीच बोलवावं, थंड बॉनेटवर हात ठेवू द्यावा, मग किल्ली त्याच्याच हाती द्यावी. किंमत काहीशे डॉलरने उतरेल. कधी सौदा मोडेलही.