नांगराची भरपाई

15 जानेवारी 2022 रोजी प्रशांत महासागरात ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि एक लाख वस्तीचं टोंगा मुकं झालं. या बेटांना फिजीशी जोडणारी सव्वाआठशे किलोमीटरची एकुलती एक केबल समुद्रतळाशी तुटली होती. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात राबणाऱ्या टोंगनांना घरची माणसं जिवंत आहेत की नाही, तेही कळेना. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर तिथली असंख्य घरं चालतात. तोही ओघ अडला. मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत ज्या कोकणानं दिवस काढले, त्याला हा जीवघेणा अबोला कळेल.

ती केबल 2013 मध्ये सुरू झाली होती, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या अनुदानाच्या बळावर. एवढ्याशा लोकवस्तीसाठी नफ्याच्या हिशेबात हे काम बसलंच नसतं. तुटल्यावर दुरुस्तीचं जहाज दुसऱ्या देशातून यावं लागलं आणि 22 फेब्रुवारीला मुख्य बेट पुन्हा जगाशी बोलू लागलं. वावाऊ आणि हाआपाई या बेटसमूहांकडे जाणारी देशांतर्गत केबल पूर्ववत व्हायला मात्र जवळजवळ दीड वर्ष लागलं. मला हे दीड वर्ष विसरता येत नाही. राजधानी जोडली गेली की देश जोडला गेला, असं आपण किती सहज म्हणतो!

2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. अतिअविकसित देशांना परवडणारं इंटरनेट देण्यासाठी 2020 पर्यंत झटायचं, हे त्यांतलंच एक. 2024 मधल्या अंदाजानुसारही जगातली सुमारे 260 कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती. नवी केबल टाकायला निधी उभा राहतो, समारंभही होतो. डागडुजीला समारंभ नसतो. विहीर खणून दिली आणि रहाट मोडल्यावर फिरकलंच नाही, तर गावाची तहान कशी भागणार?

आणि दुरुस्तीला नुसता पैसा पुरत नाही. 2024 च्या आरंभी तांबड्या समुद्रात तीन केबल्स तुटल्या. तिन्ही मुंबईच्या किनाऱ्यालाही जोडलेल्या. त्या समुद्राकाठच्या येमेनमध्ये सत्ताच दुभंगलेली, त्यामुळे जहाजाला त्या पाण्यात काम करायची परवानगी कोणी द्यायची, यातच काही दुरुस्त्या महिनोन्महिने रखडल्या.

हे सारं पाहताना मला समुद्री तारांबाबतचा 1884 चा पॅरिसचा करार आठवतो. मुंबई ते एडन समुद्री तार 1870 मध्येच पडली होती. सगळ्यांच्या आणि कोणाच्याच नसलेल्या समुद्रात अशा तारा राखायच्या कशा, हे तो करार ठरवत होता. त्यातलं सातवं कलम मला फार मोलाचं वाटतं. केबलला इजा होऊ नये म्हणून एखाद्यानं आपला नांगर किंवा जाळं सोडून दिलं, तर केबलच्या मालकानं त्याची भरपाई करायची. बंदरात पोचल्यावर चोवीस तासांत अधिकाऱ्यांना कळवायचं. पुराव्यादाखल खलाशांची साक्ष. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातही हे तत्त्व टिकून राहिलं.

भर समुद्रात तारेत अडकलेलं जाळं कापून टाकणं म्हणजे हंगामाची कमाई पाण्यात सोडणं. ज्या तारेतून आपल्या घरी एक शब्दही येत नाही, तिच्यासाठी कोळ्यानं सुरी उचलायची, ती पलीकडच्या कुठल्याशा अनोळखी किनाऱ्यावरचा कोणीतरी हा तोटा भरून देईल, एवढ्याच भरवशावर.