अजून आजारी न पडलेल्या मुलासाठी

हेलिकॉप्टर तयार असतं, ढग खाली उतरलेले असतात आणि निघायचं की नाही हे पायलटला काही मिनिटांत ठरवायचं असतं. अमेरिकेतल्या अनेक हवाई रुग्णसेवांमध्ये अशा वेळी एक गोष्ट त्याच्यापासून मुद्दाम लपवून ठेवतात. कुठून कुठे जायचंय आणि हवा कशी आहे, एवढंच त्याला कळतं. पलीकडे सत्तरीतले आजोबा आहेत की दोन वर्षांचं पोर, हे त्याचा होकार किंवा नकार आल्यावर. कारण ‘लहान मूल आहे’ एवढं कानावर पडलं की भला माणूस धुक्यातसुद्धा निघतो, आणि खराब हवेत रेटून केलेल्या उड्डाणांनी या क्षेत्रात पुष्कळ बळी घेतले आहेत.

करुणेवर उभी राहिलेली सेवा, आणि कॉकपिटमध्ये नेमकी करुणेलाच बंदी.

चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात विहिरीच्या काठावरच्या मुलाचं उदाहरण दिलं होतं. मूल आत पडणार असं दिसताच कोणाच्याही काळजात धस्स होतं. ते आईबापांची मर्जी राखण्यासाठी नव्हे, शेजारीपाजारी वाहवा करतील म्हणूनही नव्हे. माणूस मुळात चांगला आहे, याचा त्याच्या लेखी हा पुरावा. पुढे १९७१ च्या अखेरीस, पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत असताना, पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने जवळपास तेच मूल तळ्यात बुडताना दाखवलं. कपडे चिखलाने माखतील म्हणून तुम्ही त्याला वाचवायचं टाळणार नाही, मग हजारो मैलांवरचं भुकेलं मूल कसं टाळता, असा त्याचा सवाल. १९७२ मध्ये छापून आलेल्या त्या निबंधावरचा वाद अजून मिटलेला नाही. आणि १९८६ मध्ये अल्बर्ट जॉन्सन यांनी या ओढीला ‘रूल ऑफ रेस्क्यू’ असं नाव दिलं. जॉन्सन आधी जेझुइट धर्मगुरू होते, मग वैद्यकीय नीतिशास्त्राकडे वळले. डोळ्यांसमोर जीव जात असेल तर माणूस खर्चाचा हिशेब करत नाही, हे त्यांचं निरीक्षण. यात शहाणपण किती आणि भाबडेपणा किती, हा खरा पेच.

ब्रिटनमधली ‘चिल्ड्रन्स एअर अँब्युलन्स’ ही धर्मादाय सेवा या पेचाच्या ऐन मध्यावर उभी आहे. ती अपघाताच्या जागी धावून जात नाही. तिचं काम एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात मुलं नेण्याचं. त्या देशात मुलांचे अतिदक्षता विभाग १९९० च्या दशकाअखेरपासून मोजक्या मोठ्या केंद्रांत एकवटले. रोज असे रुग्ण हाताळणाऱ्या हातांत मूल लवकर बरं होतं, हा विचार रास्तच होता. पण त्यामुळे लहान गावातलं अत्यवस्थ बाळ आणि त्याला हवा असलेला डॉक्टर यांच्यात रस्त्याचे काही तास येऊन बसले. हेलिकॉप्टर ते तास कमी करतं. हेलिकॉप्टर आणि पायलट यांची सोय संस्था करते, तर बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका सरकारी आरोग्यसेवेच्या खास पथकातल्या.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं कसब वेगात आहे. तसं नसतं. पथक पोहोचल्यावर मुलाला उचलून पळत सुटत नाही. तिथेच थांबून आधी त्याला स्थिर करतं. औषधाचा प्रत्येक थेंब वजनावर ठरतो, आणि वजन करणं शक्य नसेल तर वयात चार मिळवून दुप्पट करायची जुनी रीत आहे: पाच वर्षांचं मूल म्हणजे अंदाजे अठरा किलो. हे आकडे आधीच मांडून ठेवतात, कारण हादऱ्यांत गणित चुकतं. फुप्फुसाभोवती हवा अडकली असेल तर वर गेल्यावर ती प्रसरण पावते, म्हणून ती जमिनीवरच काढून टाकायची. पंख्याच्या घरघरीत स्टेथोस्कोपचा काही उपयोग नाही. श्वास चालू आहे हे पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ वर-खाली होताना पाहायचं. तान्ह्या बाळाच्या श्वासनळीतली नळी सेंटिमीटरभर सरकली तरी घात होऊ शकतो, त्यामुळे ती चिकटपट्टीने बांधण्यात मिनिटं गेली तरी कोणी कुरकुरत नाही.

या सगळ्याचा उड्डाणखर्च भागतो तो जुने कपडे आणि पुस्तकं विकणाऱ्या दुकानांतून, लॉटरीतून, देणग्यांतून. यावर हिशेबी टीकाकार म्हणतो की एका उड्डाणाच्या पैशांत आफ्रिकेत कितीतरी मच्छरदाण्या वाटता येतील, कितीतरी मुलं हिवतापापासून वाचतील. त्याचं गणित चुकीचं नाही. हवाई सेवेवर प्रेम करणाऱ्यांनी ते कानाआड टाकू नये.

पण त्याचं एक गृहीतक तपासायला हवं. त्याला वाटतं, देणगीदार समोरचा चेहरा पाहून विरघळतो. जाहिरातीतला चेहरा मात्र वाचलेल्या मुलाचा असतो. ते केव्हाच घरी गेलं. आज दिलेले पैसे त्याच्या उपयोगाचे नाहीत. ते जातात पुढच्या मुलासाठी, जे अजून आजारीही पडलेलं नाही, कदाचित जन्मलेलंही नाही. त्यातला मोठा वाटा तर उड्डाणावरसुद्धा खर्च होत नाही. यंत्राची देखभाल, पायलटचा सराव, सज्ज राहून वाट पाहणं यांवर होतो. मेन्सियसच्या विहिरीच्या काठावर इथे कोणी नाहीच.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी देश, काळ आणि पात्र अशी सांगितली आहे, शिवाय परतफेडीची अपेक्षा नको. इथे परतफेडीचा प्रश्नच येत नाही. पण देश, काळ, पात्र यांतलं काहीच देणाऱ्याला ठाऊक नसतं. मग हे दान कसोटीला उतरतं का? उतरतं, असं म्हणायला आधार आहे: पात्र पारखण्याचं काम देणाऱ्याने तिथल्या डॉक्टरवर सोपवलेलं असतं. आपण कोणाला वाचवलं याचं समाधान मिळवण्याचा हक्कही तो त्याबरोबर सोडून देतो, आणि हे कपडे चिखलात घालण्यापेक्षा अवघड आहे.

तयारी मूल आजारी पडण्याआधीच करावी लागते, हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉन फ्लिन यांना फार आधी उमगलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात डॉक्टर शेकडो मैल दूर असायचा. १९२८ च्या मे महिन्यात क्लॉनकरी गावातून त्यांची उडती वैद्यकीय सेवा सुरू झाली. विमान क्वांटासकडून मैलाला दोन शिलिंग भाड्याने घेतलेलं. पण आजारी मुलाची आई बोलावणार कशी? तिच्याकडे ना फोन ना वीज. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालणारा रेडिओ दिला. नंतर घरोघरी क्रमांक घातलेल्या औषधांच्या पेट्या पोहोचल्या. डॉक्टर रेडिओवरून क्रमांक सांगायचा, आई पेटीतून ती बाटली काढायची. प्रवचनापेक्षा पेटी आणि पॅडल यांवर इतका वेळ घालवणारा धर्मोपदेशक विरळाच.

आज फ्लिन यांच्या वारशाने चालणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेचा रोजचा खर्च मुख्यतः सरकारं उचलतात आणि नव्या विमानांसाठी लोकांपुढे झोळी पसरली जाते. स्कॉटलंडमध्येही सरकारी पैशांवर उडणारी रुग्णहेलिकॉप्टरं आहेत. इंग्लंडमध्ये मात्र एकाच मुलाच्या उशाशी बसलेली परिचारिका करांच्या पैशातून येते आणि तिला वर उचलणारं इंधन जुन्या कोटांच्या विक्रीतून. ही वाटणी कोणत्याही नीतिशास्त्रात बसवणं कठीण आहे. दानाच्या बाजूने एवढं म्हणता येतं की ते सरकारपेक्षा लवकर धाडस करतं: लंडनच्या धर्मादाय हवाई पथकाने २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच रुग्णाला द्यायचं रक्त सोबत न्यायला सुरुवात केली, आणि नंतर इतरांनी तो पायंडा उचलला. पण एकदा सिद्ध झालेली गोष्ट वर्षानुवर्षं लॉटरीच्या तिकिटांवर चालू ठेवायला कारण उरत नाही. तिचा खर्च अर्थसंकल्पात यावा आणि लोकांचे पैसे पुढच्या, अजून न सुचलेल्या धाडसासाठी मोकळे व्हावेत.