उणे सांगणे

सज्जनहो, आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो आधी सांगतो, विचार मागाहून करू.

गेल्या कार्तिकीनंतरची गोष्ट. आमच्या फडातील एक मुलगा कारखान्यात मुलाखतीस जायचा होता. आयटीआयचा विजतंत्रीचा २ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला, घरी तीन पिढ्यांची वारी. आदल्या रात्री पाया पडायला आला. म्हणाला, "महाराज, तिथं काय बोलू?" आम्ही नुकतेच कीर्तन आटोपून बसलो होतो, अंगात निरूपणाचा भर होता. म्हटले, "अरे, मीपणा टाक. लीन होऊन जा. पुढचं पांडुरंग पाहून घेईल."

पोराने ते वेदवाक्य मानले. साहेबांनी विचारले, "तीन फेजची मोटर उलटी फिरू लागली तर काय कराल?" हा म्हणाला, "साहेब, मी लहान माणूस. आपण शिकवाल तसं करीन." मोटर भरता येते का, असे विचारले, तर म्हणाला, "थोडंफार." पाच मिनिटांत बाहेर आला.

आता खरे काय ते ऐका. हा मुलगा दोन उन्हाळे मामाच्या दुकानात शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी भरत होता. जळालेली तार काढायची, वेढे मोजून लिहून ठेवायचे, तारेची जाडी पाहायची, खाचांत कागद बसवून तितकेच वेढे पुन्हा भरायचे, वार्निश द्यायचे, हे सारे त्याच्या बोटांत बसलेले. उलट्या फिरणाऱ्या मोटरीचे उत्तर तर तो झोपेत देईल : तीनपैकी कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल करायची. "पण आधी मेन बंद करायची बरं का महाराज," असे त्याने आम्हालाच दोनदा बजावले. जणू आम्हीच उद्या मोटर उघडणार होतो!

"मग तिथं का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, मीपणा टाक."

आम्ही ओशाळलो. जन्मभर नम्रतेवर निरूपण केले, आणि नम्रता म्हणजे काय हे एका पोराने आम्हाला पुन्हा विचार करायला लावले.

जे जसे आहे ते तसे बोलणे, याला सत्य म्हणतात. आपल्याजवळ शेरभर असता सव्वाशेर सांगणे हे असत्य, हे सर्वांना कळते. पण शेरभर असता पावशेर सांगणे हेही असत्यच, हे आम्हा परमार्थी म्हणविणाऱ्यांना लवकर कळत नाही. उलट त्यात आम्हाला गोडी वाटते. विचारणारा माणूस काही आपली स्तुती ऐकायला बसलेला नसतो. त्याला यंत्र चालवायचे असते, आणि ते कोणाच्या हाती द्यावे हे ठरवायचे असते. त्याला चुकीचे माप दिले तर त्याचीही फसवणूकच झाली.

कोणी म्हणेल, संतांनी स्वतःला हीन, पतित म्हटले आहे, त्याचे काय? ते त्यांनी देवापुढे म्हटले आहे. अनंतापुढे उभे राहिले की सगळेच हीन. पण गोरोबाकाकांनी गिऱ्हाइकाला 'मला मडके घडवता येत नाही' असे सांगितल्याचे आम्ही कोठे ऐकले नाही. तेरला संतमंडळी जमली तेव्हा कोणाचे मडके पक्के नि कोणाचे कच्चे हे पाहण्याचे काम मुक्ताबाईंनी त्यांच्याकडेच दिले, कारण माती कळणारा हात त्यांचा होता.

ती परीक्षा आपणा सर्वांना ठाऊक आहे. थापटणे एकेकाच्या मस्तकावर बसत गेले, बाकीचे शांत राहिले, नामदेवरायांना मात्र ते लागले आणि मडके कच्चे ठरले. कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोते हसतात. आम्हीही हसवतो. पण त्या दिवशी नामदेवरायांना काय वाटले असेल, याचा विचार आम्ही या मुलाचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर प्रथम केला. ते पंढरीला गेले, देवापाशी गाऱ्हाणे घातले. रडले म्हणून त्यांना कोणी उणे लेखले नाही. मग उणे कोठे आहे ते समजून घेऊन विसोबा खेचरांपाशी गेले. भर सभेत कच्चे ठरलेल्या याच महात्म्याने पुढे पंजाबापर्यंत नाम पोहोचविले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आज त्यांची ६१ पदे आहेत.

आमच्या मुलाने मात्र हरिपाठाला येणे सोडले. जेवणावरची वासना गेली. एक मित्र भेटला, तो म्हणाला, "तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला मिळवून देतो, पैसे पडतील." मुलगा मोहात पडला होता. आम्ही म्हटले, "परवा पावशेर सांगून आलास, आता दोन शेर सांगणार? मधलं शेरभर कधी सांगणार आहेस?" त्यावर तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक १४) कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. पाहा, आम्ही त्याला उपदेश केला तेव्हा पहिली चार ओलांडून पाचव्यावर उडी मारली. आणि नापसंत झाल्यावर त्याने पाचही कारणांचा भार एकट्या कर्त्याच्या डोक्यावर घेतला. जागा एकच होती, बाहेरच्या बाकावर किती पोरे बसली होती, आत विचारणाऱ्याला घाई होती की नव्हती, यांतले काहीच त्याच्या हाती नव्हते. जे हाती होते ते मात्र आमच्यामुळे राहिले.

म्हणून मग अभ्यास सुरू केला. आम्ही पाठशाळेत शिकत असता शलाका परीक्षा असे. पोथीत सळई खुपसायची, जे पान उघडेल ते समजावून सांगायचे. कोणते पान निघेल ते ठाऊक नाही, म्हणून सगळी पोथी तयार ठेवावी लागे. आमची पहिल्या खेपेस पान येत असूनही वाचा बसली होती, कारण तोपर्यंत आम्ही मनात घोकले होते, मोठ्याने कोणापुढे बोललो नव्हतो. तेव्हा या मुलाला रोज संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर बसवून गावचे निवृत्त मास्तर प्रश्न विचारू लागले. आम्हाला त्यातले ओ की ठो कळत नाही, पण आवाज कोठे पडतो ते कळते. 'थोडंफार' हा शब्द उच्चारला की पाच नमस्कार, असा दंड ठेवला. गळ्यातली माळ काढू का, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले, काढू नकोस, सदऱ्याच्या आत घाल. फिरत्या यंत्रापाशी ती आतच बरी.

दुसऱ्या मुलाखतीतही जागा दुसऱ्याला मिळाली. पण या वेळी तो थेट देवळात आला, आणि कोणते प्रश्न आले, काय उत्तरे दिली, हे मास्तरांना तासभर सांगत बसला. मोटरीचा वेग कमीजास्त करणारे एक यंत्र असते, त्याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "ते मी हाताळलेलं नाही." आता शनिवारी तालुक्याला एका दुकानात ते पाहायला जातो.

तिसरे बोलावणे आले आहे, ते नेमके पालखी वाटेवर असतानाचे. घरात वाद झाला. आम्ही सांगितले, त्याने मुलाखतीस जावे, पताका त्याचा बाप घेईल, आणि पुढे कार्तिकी आहेच. मुलाच्या आईला हे मुळीच पटलेले नाही. तीन पिढ्यांत खंड पडला नव्हता, आणि पाडायला सांगणारे महाराजच निघाले, असे ती शेजारणींपाशी म्हणते. एकादशीला ती आमच्या निरूपणाला आली, पण शेवटी आरतीला थांबली नाही.