कुणी न ठरवलेले तीन बाइट

उर्से टोलनाका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. आसपासच्या कारखान्यांच्या फाटकाशी असलेला वजनकाटा मात्र ट्रकवाल्यांनाच ठाऊक. भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरला की रिकामी पुन्हा चढते आणि पावती निघते. अशा एखाद्या काट्याच्या खोलीत टर्बो सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालतोय असं धरू. एक दिवस जुना संगणक बसतो. 64 बिटचं नवं विंडोज 16 बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, म्हणून तोच सोर्स जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने पुन्हा कंपाइल करायचा. पडदा पुसणारं ‘क्लिअरस्क्रीन’ वगैरे काढून टाकलं की एकही एरर येत नाही.

मग जुनी यादी उघडायची. पहिल्या गाडीचा नंबर बरोबर. दुसरीच्या नंबरातले एम, एच आणि 1 गळालेले. तिसरीचे फक्त शेवटचे चार आकडे उरलेले, चौथीचा एकच. वजनांबद्दल तर बोलायलाच नको.

दर रेकॉर्डला तीन बाइट सरकताहेत, एवढं यावरून कळतं. रेकॉर्डमध्ये गाडीच्या नंबरासाठी 11 बाइट, पावती क्रमांकासाठी एक ‘इंट’ आणि दोन वजनांसाठी दोन ‘लाँग’. टर्बो सी यांना एकाला एक चिकटवून ठेवायचं आणि त्याचा इंट दोन बाइटांचा होता: 11, 2, 4, 4, एकूण 21. विंडोजवरचं जीसीसी 11 नंतर एक बाइट रिकामा सोडतं, कारण चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असली की प्रोसेसरला सोयीची पडते. शिवाय त्याचा इंट चार बाइटांचा. झाले 24. 64 बिटच्या लिनक्सवर लाँगच आठ बाइटांचा, तिथे 32. फाइलमध्ये 1,001 पावत्या असतील तर तिचा आकार 21,021 बाइट. त्याला 24 ने भागून पाहिलं असतं तर बाकी उरलीच असती, पण हा भागाकार आधी करून पाहण्याचं कुणाला सुचत नाही.

दोष जीसीसीचा, असं म्हणणं सोपं आहे. पण 1989 च्या सी प्रमाणकाने यातलं काहीच बांधून दिलेलं नाही. इंट किती मोठा आणि मधे किती जागा सोडायची, हे ज्या त्या कंपायलरवर सोपवलं आहे. मला यात खटकतं ते वेगळंच. फाइल कशी असावी हे कारखान्याने ठरवलं नव्हतं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही नाही. त्याने अख्खं स्ट्रक्चर एका ‘एफराइट’ने डिस्कवर ओतलं आणि मांडणी कंपायलरने आपल्या सवयीने केली. प्रोग्रॅम बदलता येतो, कंपायलर बदलता येतो. ती सवय मात्र हिशेबाच्या दप्तरात जाऊन बसलेली असते.

आपल्याकडची एक अख्खी पिढी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ प्रत्येकाच्या दप्तरात. सी भाषा कुठे संपते आणि 1987 सालचं बोरलँडचं उत्पादन कुठे सुरू होतं, हे मात्र परीक्षेत कुणी विचारलं नाही.

दुसरी गंमत उलट्या वाटेने येते. नवा प्रोग्रॅम कुणी लिनक्सवर लिहिला आणि फाइल उघडताना बायनरीचं ‘बी’ अक्षर विसरला, तर तिथे काहीच बिघडत नाही. लिनक्सला दोन्ही सारखंच. तोच सोर्स काट्यावरच्या विंडोजसाठी कंपाइल केला की काही दिवस सुरळीत जातात आणि एके दिवशी यादी मधेच तुटते. तुटते ती 10,010 किलोच्या गाडीशी. त्या संख्येचा खालचा बाइट 26, म्हणजे कंट्रोल-झेड. टेक्स्ट मोडमध्ये विंडोजची सी लायब्ररी तिथेच फाइल संपली असं मानते. याचं मूळ सत्तरच्या दशकातल्या गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे: त्यात फाइलची लांबी 128 बाइटांच्या तुकड्यांत मोजली जाई, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते खुणेनेच सांगावं लागे. डॉसला लांबी बाइटपर्यंत कळत होती, तरी खूण राहिली ती राहिलीच.

‘प्रॅग्मा पॅक’ लिहून पॅडिंग, म्हणजे मधे रिकामे बाइट सोडणं, बंद करता येतं, बरेच जण तेवढ्यावर भागवतात. पण त्याने इंटचे दोन बाइट काही परत येत नाहीत. एकेक खाना ठरलेल्या मापाने, स्वतःच्या हाताने लिहिणं कंटाळवाणं खरं, पण मग मांडणी निदान कुणीतरी ठरवलेली असते.

आणि जिथे सोर्सही हरवलाय तिथे काय? तिथे छापील काटा पावत्यांचा गठ्ठा काढायचा आणि फाइल हेक्समध्ये उघडायची. पावतीवर भरलेलं वजन 10,010 असेल तर पडद्यावर 1ए 27 00 00 शोधायचं, त्याच्या आधी-नंतर काय आहे ते पावतीशी पडताळायचं. चार-पाच पावत्या अशा जुळल्या की आराखडा उभा राहतो.